वस्तीतल्या नव्या वकिलांना आधी काय शिकवायचं?

देवनारची_वकील

नमस्कार मंडळी.

मी गेली चौदा वर्षं वकिली करते. कुर्ला कोर्ट, सेशन्स, कामगार न्यायालय, जिथे मॅटर असेल तिथे. जूनपासून आम्ही पाच वकील मिळून चेंबूरला एका बुद्धविहाराच्या हॉलमध्ये दर रविवारी नव्या सनदधारकांसाठी वर्ग घेणार आहोत. बारा रविवार, फी नाही. येणारी मुलं-मुली मानखुर्द, गोवंडी, विक्रोळी, धारावीची. बहुतेकांच्या घरात पहिला पदवीधरही हाच आणि पहिला वकीलही हाच. जातीमुळे आणि गरिबीमुळे ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागते, त्यांचं काम नीट करणारे वकील तयार व्हावेत, एवढाच हेतू.

आमच्यात वाद आहे तो पहिल्या रविवारावरून. एका सरांचं म्हणणं, सुरुवात संविधानाने करा. कलम १४ (समता), १७ (अस्पृश्यता बंदी), २१ (जगण्याचा हक्क), ३९-अ (मोफत कायदेशीर मदत), मग मोठे निकाल. मला वाटतं, सुरुवात कॅरीबॅगने करावी.

म्हणजे काय ते सांगते. गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या यादीत त्यांचं झोपडं अपात्र ठरलं होतं. त्यांनी टेबलावर एक निळी प्लास्टिकची पिशवी ठेवली, तोंडाला रबर लावलेलं. आत रेशनकार्ड, लाइटची बिलं, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, मुलीची दहावीची मार्कशीट, पोलिओच्या डोसाचं कार्ड, मतदारयादीचा चुरगळलेला उतारा, कुणाची तरी लग्नपत्रिका. आधी ज्या वकिलाकडे त्या गेल्या होत्या त्याने पिशवी उघडलीच नव्हती. परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे त्याच यादीत, 'अपात्र' वाचलं आणि "आता काही होणार नाही" म्हणून त्यांना परत पाठवलं. माझ्या ज्युनिअरने लादीवर बसून सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. दोन तास लागले. १९९८ चं लाइट बिल लग्नपत्रिकेच्या आत घडी घालून ठेवलेलं निघालं. मोफत घरासाठी कट-ऑफ १ जानेवारी २००० ची, त्याआधीपासून राहतो हे दाखवावं लागतं. त्या बिलावर अपील उभं राहिलं.

मला हे कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. तुमचा अनुभव सांगा. वकील असाल तर वकील म्हणून, कोर्टात पक्षकार म्हणून उभे राहिला असाल तर तसं. तुमच्या हातात पहिला रविवार दिला तर तुम्ही काय शिकवाल?

परळचा_सुहास

ताई, उपक्रमाला मनापासून शुभेच्छा. पण मी तुमच्या त्या सरांच्या बाजूचा आहे.

कागद लावायला कारकूनही शिकेल. वकिलाचं खरं काम प्रश्न कुठल्या बाजूने उचलायचा हे ओळखणं. महाडच्या चवदार तळ्याचा दावा आठवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्याचं पाणी प्यायले. १२ डिसेंबरला गावातल्या स्पृश्य मंडळींनी बाबासाहेबांवरच दावा लावला. म्हणणं काय, तर अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचं नाही अशी जुनी रूढी आहे. तो दावा मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला निकाली निघाला. जवळजवळ दहा वर्षं. आणि कशावर निघाला? रूढीला कायद्याचं बळ हवं असेल तर ती अनादि काळापासून चालत आल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि ते वादींना जमलं नाही. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावली होती.

तेव्हा कलम १७ नव्हतं, अॅट्रॉसिटीचा कायदा नव्हता, समतेचा एक शब्द हाताशी नव्हता. विरोधकाच्याच हत्याराची धार तपासून ते बोथट केलं. ही दृष्टी पहिल्या दिवशी द्यायला हवी. नाहीतर आपण चांगले झेरॉक्स काढणारे वकील तयार करू.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये वकिली सुरू केली. त्यांचं ऑफिस परळच्या दामोदर हॉलमध्ये होतं. आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर. शाळेत असताना वडील मला तिथून मुद्दाम नेत.

मीनल_विक्रोळी

वाचनखूण साठवली. लग्नपत्रिकेतलं लाइट बिल वाचून आईची पेटी आठवली. तिच्याकडे माझ्या पाळण्याची पावतीसुद्धा आहे. उद्या मी जन्मले की नाही असा वाद झाला तर आमची बाजू भक्कम.

सनद_ताजी

मी २०२४ ची सनदधारक. तुमच्या वर्गात बसणाऱ्यांपैकीच. म्हणून थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सनदेसाठी कायद्यात लिहिलेल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. त्याआधी देशभरातल्या बार कौन्सिल वेगवेगळ्या शुल्कांपोटी पंधरा हजारांपासून चाळीस-बेचाळीस हजारांपर्यंत घेत होत्या. माझ्या आधीच्या बॅचमधल्या मैत्रिणीच्या आईने सनदेसाठी कानातलं गहाण ठेवलं. मी १२५ भरले. तिला सांगताना मलाच कसंतरी झालं.

पण सनद स्वस्त झाली म्हणून वकिली परवडत नाही. माझे सिनिअर महिन्याला पाच हजार देतात. त्यात रेल्वेचा पास, झेरॉक्स, दुपारचं खाणं, कोट धुवायला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या वर्गातली दोन सगळ्यात हुशार मुलं आज कर्जवसुलीच्या कंपनीत आहेत. वस्तीतल्याच लोकांच्या दारात जाऊन हप्ते मागतात.

मी स्वतः रविवारी केटरिंगला जाते, एका कार्यक्रमाचे आठशे मिळतात. तुम्ही संविधान आधी घ्या किंवा पिशवी आधी घ्या, मला आठशे सोडून यावं लागेल. वर्ग फुकट आहे म्हणता, पण येणाऱ्याला तो फुकट पडत नाही.

देवनारची_वकील

@सनद_ताजी, राग कसला? हे आमच्या एकाही बैठकीत कुणी बोललं नाही, आणि आम्ही पाचही जण याच रस्त्याने आलोय. फार लागलं मनाला. आजच बाकीच्या चौघांशी बोलते.

@सुहासदादा, महाडचा निकाल वर्गात असणारच. पण रूढी किती जुनी, हा प्रश्न शेवटी साक्षी-पुराव्यावरच सुटला ना? बाबासाहेबांइतका बारकाईने कागद वाचणारा वकील दुसरा दाखवा.

शिरस्तेदार_निवृत्त

३४ वर्षं कोर्टात नोकरी केली. वकिलांना वाटतं केस जजसमोर चालते. अर्धी केस आमच्या टेबलावर चालते.

नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी रोजनामा वाचायला शिकवेन. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, कुणी मुदत मागितली, का मागितली, सगळं त्यात असतं. गरीब माणसाला वकील सांगतो "तारीख पडली." का पडली हे त्याला कुणी सांगत नाही. एक म्हातारे गृहस्थ सहा वर्षं दर तारखेला पनवेलहून येत. एकदा मी त्यांना रोजनामा वाचून दाखवला. अकरा वेळा मुदत त्यांच्याच वकिलाने मागितली होती. तिथेच बाकावर बसून राहिले. मी पाणी आणून दिलं.

दुसरं, नकलेचा, म्हणजे निकालाच्या प्रतीचा, अर्ज त्याच दिवशी टाकायचा. १९७८ चा होस्कोट खटला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत वेळेत मिळालीच नव्हती. सुप्रीम कोर्टाने तेव्हा म्हटलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि लवकर मिळाली पाहिजे, आणि ज्याला परवडत नाही त्याला अपिलासाठी वकीलही. एवढा मोठा हक्क एका न मिळालेल्या प्रतीतून उभा राहिला.

ठाण्याचा_अभियंता

मी वकील नाही. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्या निमित्ताने कोर्ट पाहिलंय. एक शंका, प्रामाणिकपणे विचारतो.

वकिलाला आधीच एका बाजूचं प्रशिक्षण दिलं तर तो वकील राहतो की कार्यकर्ता होतो? उद्या समोरच्या पक्षाची बाजू खरी असेल तर? अॅट्रॉसिटीच्या कायद्याचा गैरवापर होतो असं २०१८ मध्ये खुद्द सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं. या वर्गात हे शिकवणार का?

रिमांडचा_बाक

@ठाण्याचा_अभियंता, विचारलंत ते बरं केलंत. २०१८ ची गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगू.

२० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने निर्देश दिले: गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी मंजुरी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून दोन्ही अटी काढल्या. १ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १८-अ वैध ठरवलं. म्हणजे २०१८ चं वाक्य आज कायदा म्हणून उभं नाही.

आता बाजूचं बोलू. कंपनीच्या वकिलाला कंपनी कायद्याचं खास प्रशिक्षण मिळतं, तेव्हा तो कार्यकर्ता झाला असं कुणी म्हणत नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या वकिलालाही आपलं काम पक्कं यावं, एवढंच आहे हे.

आणि या कायद्यातल्या केसेस पडतात कशा, ते जवळून पाहिलंय म्हणून सांगतो. बाई पोलीस ठाण्यात जाते. ठाणे अंमलदार लिहितो, "जातिवाचक शिवीगाळ केली." संपला जबाब. कलम ३(१)(र) आणि (स) ला 'लोकांना दिसेल अशा ठिकाणी' हा घटक लागतो. २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात कोर्टाने सांगितलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही. मग जबाबात काय हवं? नळावर घडलं की घरात. कोण कोण उभं होतं, नावानिशी. शब्द नेमके कोणते, जसेच्या तसे, कितीही घाण असले तरी. आरोपीला जात ठाऊक होती हे कशावरून. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ओळखीच्या माणसाला जात माहीत होती असं कोर्टाने गृहीत धरायचं असतं, पण ओळख होती हे तरी जबाबात यायला नको का? यातलं निम्मं बाईने सांगितलेलं असतं. ते कागदावर येत नाही. चार वर्षांनी आरोपी सुटतो आणि लोक म्हणतात, बघा, खोटी केस होती.

दुसरं कलम १५-अ. जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळाली पाहिजे, आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. २०२१ मध्ये हरिराम भांभी खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे बंधनकारक असल्याचं ठामपणे सांगितलं. तपास डीवायएसपी दर्जाच्या खाली करायचा नाही, म्हणजे मुंबईत एसीपी. किती नव्या वकिलांना हे तोंडपाठ आहे?

मुग्धा_न्यूजर्सी

धागा फार आवडला. इथे अमेरिकेत लॉ स्कूलमध्ये शिकताना चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे नाव कळलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलं नाही. १९२९ पासून ते हॉवर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे प्रमुख होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संस्था. त्यांनी संध्याकाळचे वर्ग बंद केले, अभ्यास कडक केला. विद्यार्थ्यांना सांगत की वकील एकतर समाज घडवणारा असतो, नाहीतर समाजावर जगणारं बांडगूळ. थर्गूड मार्शल त्यांचे विद्यार्थी, १९३३ ची बॅच. १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटला मार्शल यांनी लढवला. ह्यूस्टन तो निकाल बघायला नव्हते, १९५० मध्येच गेले.

देवनारच्या ताईंसाठी मुद्दाम सांगते. ह्यूस्टन कॅमेरा घेऊन दक्षिण कॅरोलायनात गेले होते. गोऱ्या मुलांची शाळा आणि काळ्या मुलांची शाळा, दोन्हींचं चित्रण केलं. तीही पिशवी उघडण्याचीच गोष्ट, नाही का?

सनद_ताजी

मुग्धाताई, माहिती छान, पण संध्याकाळचे वर्ग बंद केले ते खटकलं. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांचं काय झालं?

मुग्धा_न्यूजर्सी

@सनद_ताजी, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंस. तेव्हाही त्यावरून नाराजी होती. मान्यता मिळवायला पूर्ण वेळाचा अभ्यासक्रम हवा होता, आणि त्याची किंमत नोकरी करून शिकणाऱ्यांनी मोजली. मी इतकी वर्षं त्यांचं कौतुक करतेय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पँथरचा_पुतण्या

अवांतर, पण राहवत नाही. अमेरिका आणि मुंबई हा धागा जुना आहे. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. तिकडचे कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन देणार असल्याचं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, म्हणून. ड्यू बॉईस यांनी उत्तरही दिलं. आणि १९७२ मध्ये इथल्या पोरांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझे काका त्यात होते. वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे. म्हणायचे, मोर्चात डोकं फुटलं तर टाके घालणारा डॉक्टर मिळायचा, जामीन घेणारा वकील शोधावा लागायचा.

किल्ला_कोर्ट_कँटीन

अति अवांतर: मे महिन्यात काळा कोट घालून ९.१२ च्या लोकलमध्ये दारात लटकायला कोण शिकवणार? माझ्यामते तो पूर्ण एक रविवार. आणि कोट घडी घालून बॅगेत ठेवायचा, कोर्टाच्या गेटवर घालायचा, ही पहिली टीप माझ्याकडून सप्रेम.

आशा_मानखुर्द

मी वकील नाही. चार घरी कामाला जाते आणि आमच्या कामवाल्या बायकांच्या संघटनेचं काम बघते. मुलगी टाइप करून देतेय.

सगळे वकिलाला काय यावं ते लिहिताय. वकिलाने आमच्याशी कसं वागावं ते कुणी लिहिलं नाही.

२००८ मध्ये घरकामगारांच्या मंडळाचा कायदा झाला तेव्हा आम्ही नोंदणीसाठी रांगा लावल्या. ते ठीक. पण मालकिणीने चोरीचा आळ घेतला की मंडळ काही करत नाही. माझ्यावर घेतला होता. अंगठी. आठ तास पोलीस ठाण्यात बसवलं. अंगठी दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बाथरूममध्ये सापडली. मला कुणी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. मी वकील केला. त्यांनी मला तीन कोऱ्या कागदांवर सही करायला सांगितली. विचारलं कशाला, तर म्हणाले, तुम्हाला कळणार नाही, तुम्ही फक्त सही करा. मी सातवी शिकले आहे. मला मराठी वाचता येतं. मी सही केली नाही आणि फाइल उचलून आले.

नंतर कळलं की बाईमाणसाला सरकारकडून वकील फुकट मिळतो, पगार कितीही असो. आधी कुणी सांगितलं असतं तर तीन हजार वाचले असते.

पहिल्या दिवशी हे शिकवा. आम्हाला खुर्ची द्या, आमचं पूर्ण ऐका, आणि आमच्या सहीच्या वर काय लिहिलंय ते आम्हाला वाचून दाखवा.

रिमांडचा_बाक

आशाताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ऑफिसात लावतोय.

तपशील सगळ्यांसाठी: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक, यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. हे वस्तीच्या नाक्यानाक्यावर लिहिलेलं हवं.

परळचा_सुहास

आशाताईंचं वाचल्यावर माझं 'कारकून' म्हणणं मी मागे घेतो. तीन कोऱ्या कागदांसमोर कलम १७ सांगून उपयोग नव्हता.

गजरेवाली_गल्ली

जामिनाबद्दल कुणीच लिहिलं नाही. गरिबीचा खरा पेपर तिथे असतो.

दादर भागात सिग्नलला गजरे विकणाऱ्या पारधी बायकांसोबत मी काम करते. परिसरात चोरी झाली की आधी त्यांना उचलतात. १८७१ पासूनच्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण ठाण्यातल्या नजरेतून गेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने तुरुंगाच्या नियमांतला जातिभेद रद्द केला: जातीवरून कामाची वाटणी, रजिस्टरमधला जातीचा रकाना, आणि विमुक्त जमातींना 'सवयीचे गुन्हेगार' धरणं. वर्गात हा निकाल वाचाच. याचिकाकर्त्या मुंबईच्या पत्रकार आहेत. त्यांनी याचा शोध घेऊन लिहिलं म्हणून हे कोर्टापुढे आलं.

आता बाकावरचं. एकोणीस वर्षांची मुलगी, कडेवर बाळ. जामीन मंजूर, १५,००० आणि एक जामीनदार. वकील खूश, "मिळाला जामीन." मुलगी आतच. कारण जामीनदाराला रेशनकार्ड हवं, पत्त्याचा पुरावा हवा, ऐपतीचा दाखला हवा, आणि तिचं सगळं गणगोत फुटपाथवर. मग कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार, त्यासाठी सावकार, त्याचं व्याज. ती तेवीस दिवस आत होती. बाळही.

१९७८ च्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं. निकाल जुना झाला, पण रिमांडच्या वेळी तो तोंडी मांडणारा वकील लागतो. "वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडा, ही इथलीच आहे, मुलं महापालिकेच्या शाळेत आहेत, हा शाळेचा दाखला." शाळेचा दाखला, ताई. तुमच्या पिशवीतला.

सफाई_चौकी

अशाच कागदांची गोष्ट आमची पण. मी महापालिकेत कंत्राटी कचरा गाडीवर होतो. आम्हाला कामगार म्हणायचे नाहीत, स्वयंसेवक म्हणायचे. कंत्राट छोट्या छोट्या संस्थांत तोडलेलं, प्रत्येकाकडे वीसपेक्षा कमी माणसं, कारण वीसपासून कंत्राटी कामगार कायदा लागू व्हायचा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ती केस एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जिंकली, २,७०० कामगार कायम करायचा आदेश आला.

जिंकलो कशावर? हजेरीवर, गाडीच्या फेऱ्यांच्या नोंदीवर, चौकीतल्या कागदांवर. आमच्यातले लोक रात्री बसून वहीत गाडीचा नंबर आणि वेळ लिहायचे. हात धुतले तरी वहीला वास यायचा. वकील मॅडमनी वास आला म्हणून वही कधी बाजूला सरकवली नाही. ते मी विसरणार नाही.

आमच्यात जवळपास सगळे बौद्ध आणि मातंग. त्यामुळे जातीचा प्रश्न वेगळा आणि पगाराचा वेगळा असं आम्हाला कधी वाटलं नाही. ज्या जातीचे म्हणून कचऱ्यात, त्याच कारणाने कंत्राटी.

ठाण्याचा_अभियंता

सगळे प्रतिसाद वाचले, दोनदा. कलम १८-अ मला माहीत नव्हतं. माहिती अर्धी होती, मान्य.

पण माझा एक प्रश्न शिल्लक आहे. समजा आशाताईंसारख्याच कुणी बाई आल्या आणि सांगताहेत त्यात थोडं खोटं आहे असं ज्युनिअरला जाणवलं. त्याने काय करायचं? हे शिकवाल का?

देवनारची_वकील

हो. आणि ते शिकवायलाच हवं. उलटतपासणी आधी आपल्या टेबलावर करायची, दार लावून, आवाज न चढवता. माझ्याकडे एकाने मारहाणीची तारीख चुकीची सांगितली होती. त्या दिवशी तो दारू पिऊन पडला होता, याची लाज वाटत होती म्हणून. मारहाण खरी होती, आदल्या दिवशीची होती, आणि सायनच्या हॉस्पिटलचा केसपेपरही होता. मी विचारलं नसतं तर समोरच्या वकिलाने साक्षीत विचारलं असतं आणि खरी केस खोटी ठरली असती. आणि जिथे खरंच खोटं असेल तिथे वकालतनामा घ्यायचा नाही, एवढं म्हणायची ताकद ज्युनिअरमध्ये हवी. त्यासाठीही पोट भरलेलं लागतं, @सनद_ताजी म्हणाली तेच.

आता घोषणा. आम्ही पाचही जण भेटलो. प्रत्येक रविवारी येणाऱ्याला प्रवास आणि जेवण मिळून पाचशे रुपये द्यायचे ठरलं. आम्ही पाच जणांनी महिन्याला ठरावीक रक्कम काढायची, दोन सिनिअर मदत करताहेत. आठशेला पाचशे हे उत्तर नाही, हे कळतं. बारा आठवड्यांनंतर चार जणांना वर्षभर पंधरा हजारांवर ज्युनिअर म्हणून ठेवायचा प्रयत्न चालू आहे.

पहिला रविवार असा: सकाळी पिशवी. दुपारी कलम २१ आणि १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवरच्या लोकांना हाकलायचं ठरलं, त्यातून तो उभा राहिला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं कोर्टाने म्हटलं, तरी झोपड्या काढायला अखेर परवानगी दिलीच, फक्त ३१ ऑक्टोबरनंतर. जिंकलेलं वाक्य आणि गमावलेलं घर, दोन्ही एकाच निकालात वाचायचं. सुहासदादा, तो तास तुम्ही ऐकायला या. महाड दुसऱ्या रविवारी.

शिरस्तेदार काका, रोजनाम्याचा तास तुम्ही घ्याल का? मानधन आहे.

आणि आशाताई, तुम्हाला विनंती. पहिल्या सकाळी आम्ही कुणाच्या तरी फाइलची झेरॉक्स वापरणार होतो. त्याऐवजी तुम्ही शिकवायला याल का? तुमच्या घरातली पिशवी घेऊन. मुलं तुमच्यासमोर कागद लावतील, काय लिहिलंय ते तुम्हाला वाचून दाखवतील, चुकलं तर तुम्ही थांबवायचं. मानधन बाकीच्यांइतकंच.

शिरस्तेदार_निवृत्त

घेतो. मानधन त्या पोरीच्या प्रवासात घाला.

सनद_ताजी

मी येतेय. पहिल्या रविवारचं केटरिंग मैत्रिणीला दिलं.

आशा_मानखुर्द

येईन. पण पिशवी सोडून जाणार नाही, कागद मोजून देणार आणि मोजून परत घेणार. आणि आमच्याकडे रविवारी पाणी अकराला येतं. वर्ग बाराला ठेवा.

देवनारची_वकील

बाराला.